रेकॉर्डची लाल कळ

आमच्या माडीवरच्या कपाटात एक जुना टेपरेकॉर्डर आहे. थोरले काका बोटीवर होते, त्यांनी एका खेपेला तो आणला. रेडिओ आणि टेप एकाच पेटीत, म्हणजे त्या काळच्या बोलीत ‘टू-इन-वन’. गोव्यातल्या ज्या घरातले कुणी बोटीवर किंवा गल्फात होते, त्या घरात अशी पेटी बहुधा असायचीच. वर क्रोशाचा रुमाल घालून ती पाहुण्यांना दिसेल अशा जागी ठेवलेली असे. तिला सहा कळा, त्यांतली एक लाल. लाल कळ आणि शेजारची प्लेची कळ एकदम दाबली की समोर चाललेले बोलणे टेपवर उतरू लागे.

त्या पेटीबरोबर आमच्याकडे एक कॅसेट आहे. मुळात ती विकतची, हिंदी चित्रपटगीतांची. विकतच्या कॅसेटीच्या पाठीला दोन चौकोनी भोके असतात. तिथली प्लास्टिकची जीभ कंपनीने आधीच मोडलेली असते, त्यामुळे लाल कळ खाली जातच नाही. माझ्या वडिलांनी त्या भोकावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावला आणि एका पौषात, मांडावरून धालो खेळून घरी आलेल्या आजीला समोर बसवून तिची गाणी त्या कॅसेटीवर उतरवून घेतली. आजी १९८६ साली गेली. तिचा आवाज आज त्या एका कॅसेटीत आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

गेल्या चवथीला ही हकीकत मी भाच्याला सांगत होतो. त्याने मध्येच विचारले, “पण मामा, कंपनीच्या कॅसेटीवर असे काहीही रेकॉर्ड करायला चालत होते?” मला हसू आले. पण त्याचा प्रश्न खोटा नव्हता. काही वर्षांपूर्वी त्याने पैसे मोजून घेतलेली पन्नासेक गाणी, ज्या दुकानातून घेतली ते दुकान बंद झाल्यावर वाजायची थांबली. गाणी त्याच्या संगणकात होती, उघडायची परवानगी मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी यंत्रात होती आणि ते यंत्र आता उत्तर देत नव्हते. अशा मुलाला चिकटपट्टीची गोष्ट चोरीसारखी वाटली तर नवल नाही.

विकत घेतलेल्या वस्तूवर मालकी कुणाची, हा वाद संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. अमेरिकेत १९०४ साली ‘द कास्टअवे’ नावाची एक कादंबरी निघाली. प्रकाशक बॉब्ज-मेरिल. त्यांनी पुस्तकाच्या आत एक सूचना छापली: किंमत एक डॉलर, याहून कमी किमतीला कुणी दुकानदाराने विकले तर तो आमच्या कॉपीराइटचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने ते पुस्तक ८९ सेंटला विकायला काढले. दुकानाचे मालक इसिडोर आणि नेथन स्ट्रॉस हे बंधू. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०८ साली निकाल लागला तो दुकानदाराच्या बाजूने. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की कॉपीराइटने तुम्हाला छापण्याचा आणि पहिल्यांदा विकण्याचा हक्क दिला आहे. एकदा प्रत विकलीत की त्या प्रतीवरची तुमची सत्ता संपली. घेणारा ती कमी किमतीत विको, कुणाला देवो, नाहीतर चुलीत घालो. (या दोघा भावांतला इसिडोर चार वर्षांनी टायटॅनिकवर बुडाला.)

कंपन्या गप्प बसल्या नाहीत. ग्रामोफोन बनवणाऱ्या व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीने, म्हणजे कर्ण्यासमोर बसलेल्या त्या कुत्र्याचे चित्र अमेरिकेत वापरणाऱ्या कंपनीने, वेगळीच युक्ती काढली. प्रत्येक यंत्रावर एक पट्टी डकवली. तिच्यावर लिहिले, की हे यंत्र तुम्हाला विकलेले नाही, फक्त वापरायला दिले आहे. पेटंटची मुदत संपेपर्यंत मालकी कंपनीची. यंत्रावर फक्त आमच्याच तबकड्या वाजवायच्या, सुयाही आमच्याच वापरायच्या. अटी मोडल्यात तर आम्ही यंत्र परत घेऊन जाऊ. पैसे मात्र गिऱ्हाईकाने आधीच पुरते मोजलेले. मेसीजने हे ग्रामोफोनही स्वस्तात विकले. पुन्हा खटला झाला आणि १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पट्टी म्हणजे किमतीवर ताबा ठेवण्यासाठी रचलेला बनाव आहे असे ठरवून व्हिक्टरला परत पाठवले.

ती पट्टी लक्षात ठेवण्यासारखी आहे. शंभर वर्षांनी ती पुन्हा आली, आणि या वेळी टिकली.

पुढची गोष्ट सांगायला मला एकच कंपनी पुरेशी वाटते, कारण या वादाच्या दोन्ही बाजूंना ती उभी राहिली. कंपनीचे नाव सोनी.

दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेल्या टोकियोत मे १९४६ मध्ये मासारू इबुका आणि आकिओ मोरिता यांनी ती सुरू केली. त्या वेळी तिचे नाव वेगळे होते, ‘सोनी’ हे १९५८ पासून. मोरितांच्या घराण्याचा धंदा साके गाळण्याचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, तोही पिढ्यानपिढ्यांचा. आपल्याकडच्या एखाद्या भाटकाराच्या थोरल्या मुलाने काजूची भट्टी सोडून रेडिओदुरुस्तीचे दुकान टाकावे, तसेच हे. १९५० मध्ये त्यांनी जपानमधला पहिला टेपरेकॉर्डर विकायला आणला. टेपसाठी प्लास्टिक मिळेना म्हणून ती कागदाची केली, आणि तिच्यावर चढवायची लोखंडी भुकटी तयार करण्यासाठी रसायन चक्क तव्यावर भाजले. म्हणजे या कंपनीचा पायाच मुळी ‘उतरवून घेणे’ हा होता.

१९७५ साली तिने बेटामॅक्स आणले. टीव्हीवर चाललेला कार्यक्रम घरच्या घरी कॅसेटीवर उतरवून ठेवा आणि सवडीने पाहा. सोनीच्या एका जाहिरातीचा आशय असा होता, की ‘कोलंबो’ बघताना ‘कोजॅक’ चुकतो अशी हळहळ आता नको. गंमत म्हणजे या दोन्ही मालिका युनिव्हर्सल स्टुडिओच्याच. युनिव्हर्सलला ही गंमत वाटली नाही. नोव्हेंबर १९७६ मध्ये युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी मिळून सोनीवर खटला भरला. गिऱ्हाईक आमच्या चित्रपटांची नक्कल करते, त्या नकलेचे यंत्र सोनी विकते, म्हणून दोषी सोनी, हा त्यांचा मुद्दा. यंत्रांची विक्रीच थांबवावी अशी त्यांची मागणी होती.

(याच काळात, १९७७ साली, अमेरिकेची दोन व्हॉयेजर याने आकाशात गेली. त्यांच्यावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे गोवेकराला सांगायला नको. तबकडीच्या आवरणावर ती कशी वाजवायची याची आकृती कोरलेली आहे आणि सोबत सुई दिलेली आहे. ज्याच्या हाती पडेल त्याला ती वाजवता यावी, एवढीच अपेक्षा.)

खटला सात वर्षांहून अधिक काळ चालला. १९७९ मध्ये खालच्या न्यायालयात सोनी जिंकली, १९८१ मध्ये अपिलात हरली. सिनेमावाल्यांचे प्रतिनिधी जॅक व्हॅलेंटी यांनी १९८२ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले, की एकट्या घरी असलेल्या बाईला जसा गळा आवळणारा खुनी, तसा आमच्या धंद्याला हा व्हिडिओ रेकॉर्डर. उलट बाजूने मुलांचे लाडके टीव्ही कार्यक्रम करणारे फ्रेड रॉजर्स यांनी साक्ष दिली होती, की माझा कार्यक्रम घरच्यांनी उतरवून घेऊन मुलांसोबत सवडीने बघितला तर मला आनंदच आहे. १७ जानेवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. नऊपैकी पाच न्यायमूर्ती सोनीच्या बाजूने, चार विरुद्ध. न्या. स्टीव्हन्स यांनी लिहिलेल्या त्या निकालात रॉजर्सची साक्ष आवर्जून घेतली आहे. ज्या यंत्राचे लक्षणीय असे निर्दोष उपयोग आहेत, ते यंत्र विकणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या दोषासाठी जबाबदार धरता येणार नाही, आणि घरी सवडीने बघण्यासाठी कार्यक्रम उतरवून घेणे हा दोष नव्हेच, असा तो निकाल. एका मताचा फरक होता. ते एक मत इकडचे तिकडे झाले असते, तर त्या लाल कळीचे अमेरिकेत काय झाले असते आणि मग जपानी कारखान्यांनी बाकीच्या जगासाठी ती ठेवली असती का, कोण जाणे. ज्या सिनेमावाल्यांचा गळा आवळला जाणार होता त्यांनी पुढच्या काही वर्षांत चित्रगृहांपेक्षा कॅसेटींवर जास्त कमाई केली. बेटामॅक्स मात्र बाजारात व्हीएचएसपुढे हरले आणि १९८८ मध्ये सोनीलाही व्हीएचएस बनवावे लागले.

इथपर्यंतची सोनी मला आवडते. खरी वळणाची जागा पुढे आहे.

बेटामॅक्सच्या पराभवातून सोनीच्या चालकांनी एक धडा घेतला, की यंत्र चांगले असून भागत नाही, यंत्रात घालायचा मालही आपल्या हातात हवा. म्हणून जानेवारी १९८८ मध्ये त्यांनी सीबीएस रेकॉर्ड्स ही गाण्यांची प्रचंड कंपनी दोनशे कोटी डॉलरांना घेतली आणि १९८९ मध्ये कोलंबिया पिक्चर्स. उतरवून घेण्याचे यंत्र विकणारा आणि उतरवून घेऊ नका म्हणणारा, दोघे आता एकाच छपराखाली नांदू लागले. एकत्र कुटुंबात दोन सख्ख्या भावांनी समोरासमोर दुकाने काढावीत तशी ही स्थिती. त्यांतल्या कुणाचे चालले, ते लवकरच दिसले.

१९८७ साली डॅट नावाची डिजिटल टेप निघाली होती. मुळासारखी हुबेहूब नक्कल करणारी. गाण्यांच्या कंपन्यांनी तिला इतका विरोध केला, की १९९२ च्या अमेरिकी कायद्याने अशा यंत्रांत एक पहारेकरी बसवणे सक्तीचे केले: मूळ तबकडीवरून प्रत काढता येईल, पण प्रतीवरून प्रत काढता येणार नाही. यंत्र विकत घेणाऱ्याचे, पण आतला पहारेकरी दुसऱ्याचा पगारी. १९९९ मध्ये सोनीने चकतीऐवजी छोट्या कांडीवर गाणी साठवणारा वॉकमन काढला. सगळे जग एमपी३ वापरत होते आणि हा वॉकमन ते वाजवेना. गाणे आधी सोनीच्या कुलूपबंद रूपात बदलायचे, मग यंत्रात ‘न्यायचे’, पुरेसे झाले की ‘परत आणायचे’, वाचनालयाच्या नोंदवहीत पुस्तक लिहावे तसे. १९७९ मध्ये वॉकमन काढून जगाच्या कानात संगीत घालणाऱ्या कंपनीने आपल्याच वॉकमनला बेड्या घातल्या. २००१ मध्ये ॲपलचा आयपॉड आला आणि बाजार घेऊन गेला. सोनीच्या यंत्रांत सरळ एमपी३ वाजायला २००४ साल उजाडावे लागले.

आणि मग २००५.

३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच या संगणकतज्ज्ञाने एक शोध जाहीर केला. आपल्याच संगणकाची तपासणी करताना त्याला आत काहीतरी लपलेले आढळले. माग काढत गेल्यावर ते निघाले सोनी बीएमजीच्या एका सीडीतून. त्याने ती सीडी रीतसर विकत घेतली होती. संगणकात ती घातली, की गाणी वाजवण्यापूर्वी ती एक प्रोग्राम बसवायची, आणि तो प्रोग्राम संगणकाच्या गाभ्यात उतरून स्वतःला लपवायचा. एका ब्रिटिश कंपनीने तो सोनी बीएमजीसाठी बनवला होता. गाण्यांच्या प्रती किती काढाव्यात यावर नजर ठेवणे हे त्याचे काम. लपण्याची पद्धत अशी, की ज्या फाइलीचे नाव ठरावीक पाच चिन्हांनी सुरू होते, ती फाइल मालकाला दिसायचीच नाही. अशा प्रकाराला संगणकाच्या जगात ‘रूटकिट’ म्हणतात आणि तोवर हे काम चोरट्यांचे समजले जाई.

घरी जेवायला बोलावलेल्या पाहुण्याने कोठीच्या खोलीत एक खोटी भिंत बांधून मागे आपला माणूस बसवावा, आणि ती भिंत यजमानाला दिसू नये, असे हे होते. पुढे तर या भिंतीचा फायदा दुसरेही घेऊ लागले. आपल्या फाइलीला तीच पाच चिन्हे लावली की तीही अदृश्य. आठवडाभरात संगणकावरच्या एका खेळात लबाडी करणारे तिच्या आड लपू लागले, पाठोपाठ विषाणू बनवणारे. प्रोग्राम हाताने उपटून काढायला जावे तर सीडी वाजवण्याचा भागच बंद पडायचा. सोनी बीएमजीच्या एका अधिकाऱ्याने रेडिओवर असे सांगितले, की रूटकिट म्हणजे काय हे बहुतेकांना ठाऊकच नाही, मग त्यांनी कशाला काळजी करावी?

सीडीसोबतचा करारनामाही वाचण्यासारखा होता. दिवाळे निघाले तर संगणकावर उतरवलेली गाणी पुसायची. देश सोडून राहायला गेलात तरी पुसायची. मूळ सीडी चोरीला गेली, तर चोरावर फिर्याद राहिली बाजूला, आधी संगणकातली प्रत पुसायची. कंपनीमुळे तुमचे नुकसान झालेच तर भरपाई जास्तीत जास्त पाच डॉलर. व्हिक्टरची पट्टी परत आली ती अशी. आणि कहर म्हणजे, नक्कल रोखायला बसवलेल्या त्या प्रोग्राममध्येच दुसऱ्यांनी मोकळेपणाने वाटलेल्या सॉफ्टवेअरचे तुकडे त्यांच्या अटी न पाळता घातलेले सापडले.

एकूण ५२ नावांच्या सीडींत हा प्रोग्राम होता. सुमारे ४७ लाख सीडी दुकानांत गेल्या होत्या, त्यांतल्या २१ लाख विकल्या गेल्या होत्या. नोव्हेंबरच्या मध्यात कंपनीने त्या परत मागवल्या. टेक्सास राज्याने खटला भरला, ग्राहकांनी भरले, आणि जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत, संगणकाची नासाडी झालेल्यांना १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे ठरले. एकवीस वर्षांपूर्वी ‘घरातले यंत्र घरमालकाचे’ हे तत्त्व जिने सर्वोच्च न्यायालयात जिंकले होते, तिच्याच नावाची ही तबकडी. मला या सगळ्या इतिहासात याहून बोचरे काही आढळले नाही.

एक शंका इथे कुणीही विचारील. १९०८ चा निकाल होता, १९१७ चा होता, मग त्यांचे काय झाले? गोम अशी आहे. पुस्तक वाचताना पुस्तकाची प्रत तयार होत नाही. पण डिजिटल वस्तू वापरायची म्हणजे ती यंत्राच्या स्मृतीत उतरवावी लागते, दुसऱ्याला द्यायची तर त्याच्याकडे नवी प्रत तयार होते. आणि प्रत काढण्याचा हक्क कॉपीराइटवाल्याचा. म्हणून प्रत्येक वापराला परवानगी लागते आणि परवानगी देणारा अटी घालू शकतो. शिवाय १९९८ च्या अमेरिकी कायद्याने डिजिटल कुलूप तोडणे हाच वेगळा गुन्हा ठरवला. जुनी डिजिटल गाणी पुन्हा विकू देणाऱ्या रीडिजी नावाच्या कंपनीने १९०८ च्या निकालाचा आधार घेऊन पाहिला. डिसेंबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने तो नाकारला, कारण फाइल सरकवताना नवी प्रत होते. स्ट्रॉस बंधूंनी जिंकलेला हक्क कागदाच्या पुस्तकापुरता उरला.

पुस्तकांचेही मग तेच झाले. एप्रिल २००४ मध्ये सोनीनेच जपानमध्ये ‘लिब्रिए’ हे इलेक्ट्रॉनिक शाईचे वाचनयंत्र काढले होते. त्यातली पुस्तके साठ दिवसांनी आपोआप मिटत. यंत्र चालले नाही. २००७ मध्ये ॲमेझॉनचे किंडल आले ते चालले. जुलै २००९ मध्ये एक दिवस अमेरिकेतल्या काही किंडलधारकांच्या यंत्रांतून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके नाहीशी झाली. ‘ॲनिमल फार्म’ आणि ‘१९८४’. ज्याने ती दुकानात ठेवली होती त्याच्याकडे अमेरिकेतले हक्क नव्हते, म्हणून कंपनीने पैसे परत केले आणि आपल्या जागेवरून प्रती पुसल्या. कारण खरे होते, कृती भलतीच. एका शाळकरी मुलाने पुस्तकावर अभ्यासाची टिपणे केली होती, ती निरुपयोगी झाली. त्याने दावा लावला. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी आठवड्याभरात जाहीर माफी मागितली आणि आपले वागणे मूर्खपणाचे होते असे कबूल केले. हे ऑर्वेल जन्मले आपल्या बिहारात, मोतिहारीला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तके आपल्याकडे सर्वांना मोकळी आहेत. अमेरिकेत ‘१९८४’ अजूनही मोकळे नाही.

ऑर्वेलची ही हकीकत वाचताना मला आपले क्रिस्तपुराण आठवले. फादर थॉमस स्टीफन्सचा हा ग्रंथ १६१६ मध्ये छापला, १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापला. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे, आणि १९०७ साली मंगळूरला अशाच पोथ्यांवरून तो पुन्हा छापला गेला. उतरवून घेणाऱ्यांनी कुणाची परवानगी घेतली होती? त्या सगळ्या पोथ्या एका जागेवरून एका रात्रीत पुसता येण्याची सोय त्या काळी कुणाकडे असती, तर मराठीतला हा ठेवा फक्त नावाने उरला असता.

पुढच्या घटना भराभर सांगतो. १ एप्रिल २०१० रोजी सोनीने प्लेस्टेशन ३ च्या नव्या सुधारणेत, त्या यंत्रावर लिनक्स चालवण्याची सोय काढून टाकली. ही सोय यंत्र विकतानाच दिलेली होती. सुधारणा नको म्हणावे तर इंटरनेटवरचे खेळ बंद. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा गिऱ्हाइकांची पुस्तकेही मिटली, पैसे मात्र परत मिळाले. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सोनी: प्लेस्टेशनवर लोकांनी ‘विकत घेतलेले’ डिस्कव्हरीचे कार्यक्रम वर्षअखेरीस त्यांच्या संग्रहातून काढले जातील असे जाहीर झाले. ओरड झाल्यावर निर्णय मागे घेतला गेला. ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून, दुकानातले पुस्तक संगणकावर उतरवून मग तारेने किंडलमध्ये घालण्याची सोय बंद केली. दरम्यान कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला, की डिजिटल वस्तूला ‘विकत घ्या’ म्हणायचे असेल, तर ही नुसती परवानगी आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. म्हणजे काय, तर व्हिक्टरची पट्टी आता निदान ठळक अक्षरांत लावायची.

आपल्याकडचा कायदा तुलनेने समंजस आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आले. हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण कायद्याने ज्याला मनाई केलेली नाही, अशा कामासाठी कुलूप उघडले तर तो गुन्हा नाही. दुसऱ्याला त्यात मदत करणाऱ्याने फक्त त्या माणसाचे नाव-पत्ता नोंदवून ठेवायचा. अमेरिकेपेक्षा ही वाट रुंद आहे. अडचण एवढीच, की कायद्याने परवानगी दिली तरी किल्ली कुठून आणायची? चिकटपट्टी प्रत्येकाच्या घरात असायची.

सोनीने बेटामॅक्सची यंत्रे बनवणे २००२ मध्ये थांबवले, कोऱ्या कॅसेटी २०१६ च्या मार्चमध्ये. फेब्रुवारी २०२५ मध्ये मिनीडिस्क, मिनीडीव्ही कॅसेट आणि कोरी ब्लू-रे तबकडी यांचेही उत्पादन बंद झाले. कोरा माल विकण्याचा तिचा धंदा कागदाच्या टेपपासून सुरू झाला होता.

आमची पेटी मी चवथीनंतर म्हापशाला एका जुन्या मेकॅनिककडे नेली. आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकटला होता. त्याने तो खरवडून काढला, दुसऱ्या कुठल्याशा यंत्राचा पट्टा मापात बसवला, आणि कॅसेटीतली गळून पडलेली लोकरीची गादी नव्याने चिकटवली. मग पेटीतून एक तार भाच्याच्या लॅपटॉपला जोडली. सुरुवातीला त्या विकतच्या गाण्याचे कडवे लागले, दोन-तीन मिनिटे चालले, मग ‘खट्ट’ असा आवाज, मग वडिलांचे “हां, म्हण आता”, आणि आजी. मागे कुठेतरी मांजर ओरडत होते. मेकॅनिकने विचारले, सुरुवातीचे सिनेमाचे गाणे कापून टाकू का? भाचा म्हणाला, नको, राहू दे.